एका रेघेचा फोन

सकाळपासून तिने दोन चांगले कप फुटक्यांच्या टोपलीत टाकले होते आणि एक तडकलेला कप चांगल्यांच्या रांगेत लावला होता. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. चूक ध्यानात आली तशी ती उठली, रांगेतून बरोब्बर तोच कप उचलला आणि पुन्हा वाजवला. बद्द. कुणी तोंडात बोळा कोंबून बोलावं तसा.

"बाई गं, कान कुठं ठेवून आलीस आज?" ती स्वतःलाच म्हणाली.

कान खिशात होता. एप्रनच्या उजव्या खिशात, फोनपाशी.

कपबशांच्या त्या कारखान्यात सगळे तिला टिचकीमावशी म्हणत. एकदा भाजून निघालेले, अजून झिलई न चढलेले, खरबरीत पांढरे कप भट्टीकडून तिच्या टेबलावर येत. डाव्या हाताच्या पाच बोटांवर कप तोलायचा, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं, त्याच्या सांध्याने काठाखाली एकच टकोरा द्यायचा आणि ऐकायचं. नावाला टिचकी, काम सगळं त्या सांध्याचं. कप खणखणीत बोलला तर पहिला माल. तो कोराच पुढं जायचा. बोलताना जरा अडखळला तर दुसरा माल. त्याच्या बुडाला पेन्सिलीची एक रेघ. बद्द वाजला तर फुली, आणि टोपली. दिवसाला दोन हजार कप तिच्याशी एकेक शब्द बोलून जात. हात चालता राहावा म्हणून तिने आपल्याच मनाने दोन ओळी जुळवल्या होत्या आणि त्या ती ओठातल्या ओठात घोळवायची:

कप घेते हाती बाई, कान लावते काठाला
खण बोले तो गं माझा, मुका राही तो वाटेला

आज 'मुका'पाशी आली की जीभ अडत होती. पुढचा शब्द निघतच नव्हता.

तिची एकुलती एक लेक दूरच्या शहरात शाळेत शिकवायची. पाळण्यात असल्यापासून तोंड एक क्षण बंद नाही, म्हणून तिला घरात चिवीच म्हणत. लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी मावशीच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं. त्या चिवीच्या घशात गाठ निघाली होती. गाठ साधी आहे, जिवाला काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आवाजाची नस गाठीला अगदी खेटून गेलीय, तिचं काही सांगता येत नाही, असंही म्हणाले. आवाज राहील. बसेल. घोगरा होईल. महिन्यांनी परत येईल, नाहीतर येणारही नाही.

ऑपरेशन परवाचं ठरलं होतं. मावशीला रजा एकदाच मिळणार होती, म्हणून ती तिने पुढच्या महिनाभराची मांडून घेतली होती, लेकीच्या उशाशी बसायला. उद्या पहाटेच्या गाडीचं तिकीट डब्यात होतं. आणि काल संध्याकाळी, सुट्टी होऊन बाया फाटकाबाहेर पडत असताना, चिवीचा फोन आला. शेजारून चालणाऱ्या रंगारणीने तो उचलून मावशीच्या कानाला लावला.

"आई, दुसऱ्या एकाचं ऑपरेशन पुढं ढकललं, म्हणून मला उद्याच घेतायत. घाबरू नकोस. दहा ते बाराच्या मध्ये कधीतरी आत नेतील. त्याआधी फोन करते. मला तुझ्याशी बोलूनच आत जायचंय. तू फक्त उचल."

तू फक्त उचल! पोरीने किती सहज सांगितलं. रात्रभर मावशी कूस बदलत ते तीन शब्द उलटेपालटे करत राहिली. कारण फोन तिचं ऐकत नव्हता.

जुना बटणांचा फोन तीन आठवड्यांपूर्वी झिलईच्या बादलीत पडला आणि वर काढेपर्यंत त्याला दुधासारखी पांढरी साय चढली. चिवीने लगोलग हा नवा पाठवला, सगळा काचेचा, बोटाने चालणारा. पाकीट फोडल्यावर मावशीने काय केलं? तो पाच बोटांवर तोलला, कानाशी नेला आणि पाठीवर एक टकोरा दिला.

"बद्द वाजतोय," ती म्हणाली. "आत कुठंतरी तडा आहे."

भट्टीवाला पोट धरधरून हसला. "मावशी, फोन आहे तो! वाडगा नाही!"

"वस्तू ती वस्तू. वाजवल्याशिवाय मी आजवर काही घरात नेलेलं नाही."

"नवऱ्याला वाजवून घेतला होतात का?"

"त्यालाच तेवढा नव्हता वाजवला," मावशी म्हणाली, आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त तीच हसली.

तीन दिवस वापरून तिने निकाल दिला. फोनच्या पाठीवर, खालच्या कडेला, मालावरच्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. दुसरा माल.

रंगारीण फोनच्या बाजूने भांडायची. ती कपांच्या काठावर सोनेरी रेघ काढायची, मावशीच्याच वयाची, आणि दोघींची मैत्री भट्टीइतकी जुनी. "लेकीचा चेहरा दिसतो की नाही? अक्षरं भोपळ्याएवढी होतात, चष्मा लागत नाही. बत्ती लागते. वाट चुकलीस तर वाट सांगतो. आणखी काय हवं तुला, पाय चेपून द्यायला हवेत?"

"चेहरा दिसतो गं. पण दिसायच्या आधी उचलायला नको?" मावशीचं म्हणणं तयार असे. "जुन्याच्या बटणांवर बोट ठेवलं की बोटाला कळायचं, हा पाच, हा सात. डोळे मिटून तुला फोन लावत होते मी. ह्याला सगळीकडून एकच सपाटी. बोट कुठं आलंय ते बोटालाच कळत नाही. त्यात दिवस मावळला की ह्याला भूक. जुना आठवडाभर उपाशी राहायचा, बिचारा. आणि उन्हात नेला की तोंड काळं करून बसतो."

"बिचारा म्हणे! बादलीत बुडवून मारलास त्याला."

हे सगळं चेष्टेवारी चालायचं. खरी खोट वेगळीच होती आणि तिच्याबद्दल मावशी फारशी बोलत नसे. बावीस वर्षं कच्च्या कपांनी तिच्या बोटांची टोकं घासली होती. त्यांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या आणि कातडी वाळून, शिंगासारखी टणक झाली होती. फाटकावरच्या हजेरीच्या यंत्राला तिचा अंगठा ओळखता येईना, तेव्हापासून दरवान तिचं नाव वहीत हाताने लिहायचा. हा फोनही तसलाच. दहा वेळा बोट फिरवावं तेव्हा एकदा जागा व्हायचा. दुसऱ्या कुणाचंही बोट लागलं की लगेच शहाणा. लेकीने हौसेने पाठवलेली वस्तू आपल्याच हाताला बधत नाही, हे तिला कुठंतरी खुपायचं, आणि चिवीला तिने ते सांगितलं नव्हतं.

म्हणून आज रंगारीण आपलं स्टूल, ब्रश आणि सोनेरी रंगाची कुपी घेऊन वाजवणीच्या खोलीत येऊन बसली होती. वाजला की तिने ओढायचा आणि मावशीच्या कानाला लावायचा, असं ठरलं होतं. एरवी त्या खोलीत फोनला बंदी, कपांचं बोलणं ऐकू यायला हवं म्हणून. मुकादमाने आजच्यापुरती मुभा दिली होती. "पण घंटी बारीक ठेवा हं, मावशी." घंटी बारीक कशी करायची ते मावशीला ठाऊक नव्हतं. तिने खिशात फोनवर रुमाल कोंबला.

दहा वाजले. सव्वादहा. मावशीने कप उचलला, वाजवला, आवाज डोक्यात शिरायच्या आत खिसा चाचपला. पुन्हा वाजवला.

"तो कप विचारतोय तुला, कितीदा मारशील म्हणून," रंगारीण म्हणाली.

"गप बस. वाजला का?"

"वाजला असता तर मी इथं रेघा ओढत बसले असते का?"

साडेदहाला मुकादम धावत आला. रंगारणीच्या कालच्या सगळ्या कपांची सोनेरी रेघ भाजल्यावर काळवंडली होती. "ताई, पाच मिनिटं या. आत्ताच्या आत्ता बघून सांगा, पुढची खेप भट्टीत चढतेय."

रंगारणीने मावशीकडे पाहिलं.

"जा," मावशी म्हणाली. "पाच मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

तिसऱ्या मिनिटाला खिसा थरथरला.

रुमाल एकीकडे गेला, फोन हातात आला. काचेवर चिवी हसत होती, आणि तिच्या हनुवटीखाली दोन गोळे नाचत होते. हिरवा वर ओढायचा, तांबडा खाली. मावशीने अंगठा टेकवून वर ओढला. चिवी हसतच राहिली. मावशीने दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं, दाबून धरलं, घासलं. एप्रनला पुसून पुन्हा लावलं. मग ती मोरीकडे धावली, हात नळाखाली धरले आणि ओल्याच बोटांनी काचेवर तुटून पडली. थेंब पसरले तसा फोन पिसाळला. उजेड वरखाली झाला, घड्याळ आलं, कसलासा नकाशा आला, गेला. घंटी वाजत होती. मग वाजत नव्हती.

ती ओल्या हातांनी मोरीशी तशीच उभी राहिली. कानात घंटी चालूच होती.

रंगारीण परत आली तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही. तिने फोन कोरडा केला, चिवीला उलट लावला. तिकडे कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. नाही. मग काचेवर अक्षरं उमटली आणि रंगारणीने ती मोठ्याने वाचली: 'आई, आत्ता रक्त घेतायत. थोड्या वेळाने करते. कामात होतीस का?'

"कामात होतीस का," मावशी पुटपुटली. "पोरीला वाटलं मी कामात होते."

"लिहू काहीतरी?"

"काय लिहिशील? तुझ्या आईच्या बोटांत जीव राहिला नाही, असं लिही."

"वेड्यासारखं बोलू नकोस." रंगारणीने लिहिलं, 'इथंच आहे. कर.' आणि यावेळी फोन तिने आपल्या मांडीवर ठेवला.

सव्वाअकरा झाले. मावशीला बसवेना. खिडकीपासून टेबल सात पावलं, टेबलापासून दार पाच पावलं. तिच्या पायांनी ती वाट चाळीसएक वेळा मोजली. टेबलावर न वाजवलेल्या कपांचे मनोरे चढत चालले. चिवी लहान असताना इथंच, त्या दाराच्या उंबऱ्यावर बसून पाढे घोकायची. कपांची टकटक आणि तिचे पाढे एका ठेक्यात चालायचे. सतराच्या पाढ्यात 'सतरा सक'ला हमखास अडायची. तिथे आली की मावशीचा हातही अडायचा, कप कानाशी धरून ती वाट बघायची. तो आवाज आज कुणीतरी टेबलावर घेणार होतं, आणि पहिला की दुसरा की टोपली हे ठरवताना तिचा कान तिथं नव्हता.

साडेअकराला फोन वाजला. रंगारीण अशी दचकली की सोन्याची कुपी आडवी झाली.

"ओढ! ओढ!"

"ओढते, ओढते! कुठला, कुठला गं? तांबडा की..."

"हिरवा! वर!"

रंगारणीने ओढला. चिवीचा चेहरा फट्‌दिशी गेला आणि काच काळी झाली.



"खाली ओढलास," मावशी म्हणाली. आवाज चढवायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

रंगारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज केसाएवढ्या बारीक रेघा न हलता काढणाऱ्या हाताने तिने कपाळ बडवून घेतलं. "मी तोडला. देवा रे, मी तोडला."

"असू दे."

"असू दे काय? तिला वाटेल तू तोडलास!"

ते मावशीलाही कळत होतं. पण रंगारणीला आणखी रडवायचं नव्हतं, म्हणून तिने असू दे म्हटलं.

रंगारीण उलट लावायचा प्रयत्न करत होती आणि सोन्याने चिकट झालेलं बोट काचेवर पिवळे ठसे उमटवत होतं. तिकडून 'व्यस्त, व्यस्त' एवढंच येत होतं. इकडून ही लावत होती, तिकडून तीही लावत असणार. "ठेव," मावशी म्हणाली. "तिला वाट मोकळी दे."

बाराला दहा मिनिटं असताना फोन तिसऱ्यांदा वाजला.

रंगारीण दोन पावलं मागं सरली. "मी नाही गं. माझ्या हाताचा भरवसा नाही मला. मुकादमाला हाक मारते!" आणि ती व्हरांड्यात धावली. पण मुकादम भट्टीच्या पलीकडे होता, आणि एक घंटी किती वाजते ते मावशीला सकाळीच कळलं होतं.

तिने फोन डाव्या हातावर घेतला. अंगठा. नाही. तर्जनी. नाही. चिवी हसत होती, गोळे नाचत होते. मग तिला काही सुचेनासं झालं, आणि माणसाला सुचेनासं झालं की हात त्याला जे येतं तेच करतो. फोन आपसूक पाच बोटांवर तोलला गेला. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलं. आणि बावीस वर्षांच्या सवयीने तिने हिरव्या गोळ्याला एक टकोरा दिला.

गोळा टुणकन उडाला.

तिने बोटाच्या सांध्याकडे पाहिलं. मातीने टोकं खाल्ली होती, पण सांध्याला ती रोज नुसती भेटून जायची, घासायची नाही. तिथली कातडी अजून मऊ होती, सुरकुतलेली, जिवंत. तोच सांधा तिने काचेवर टेकवला आणि गोळा सावकाश वर नेला. नव्या कपाला कान जोडावा तसा, जपून.

"आई?"

मावशीला खुर्ची सापडली नाही. ती टोपलीच्या कडेला, फुटक्या कपांवरच टेकली.

"आई, आहेस ना? दोनदा केला. एकदा तर कट झाला. मला वाटलं तू..."

"मी नाही गं कापला. तुझ्या रंगारीणमावशीने प्रेमाने उलटा ओढला. बोल."

"काय बोलू? तू बोल ना. मी तुझ्याशी बोलायला केलाय."

"मी आयुष्यभर बोलणार आहे, तुला कंटाळा येईपर्यंत. आत्ता तू बोल. मी ऐकते."

मागे चाकांचा आवाज, कुणाच्या तरी चपला. "सुचतच नाही, आई. भीती वाटतेय."

"मग पाढा म्हण. सतराचा."

चिवी हसली. रडतच हसली. "सतरा एके सतरा," ती म्हणाली. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न." मावशीने डोळे मिटले. आवाज काठापासून बुडापर्यंत फिरत होता. कापत होता, पण खणखणीत. 'त्रिक' म्हणताना शेवटी किंचित वर जायचा, लहानपणासारखाच. तिने तो कानात भरून घेतला, जसं कुणी पाणी भरून ठेवावं. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक..."

"अडलीस."

"अडले नाही. नर्स आल्यात. न्यायला आल्यात, आई."

"ऐक. बाहेर आल्यावर तोंड उघडायचं नाही, डॉक्टर म्हणतील तोवर. पण उशाशी काहीतरी असेल ना, कप, पेला? त्याला टिचकी मार. फोनजवळ धरून. तेवढं मला पुरे."

"बरं."

"आणि सतरा सक राहिलंय. ते मला तोंडानेच हवंय. महिन्याने दे, सहा महिन्यांनी दे."

"बरं," चिवी म्हणाली, आणि मग चपलांचे आवाज जवळ आले आणि फोन बंद झाला.

रंगारीण मुकादमाला ओढत घेऊन आली तेव्हा मावशी टोपलीवर बसून दुमडलेल्या बोटाकडे बघत होती. तिने सगळं सांगितलं. काचेवर सांध्याने टकटक करून दाखवलं, दिवा लावला, विझवला. मुकादम म्हणाला, "तीन आठवडे बोटं झिजवलीत आणि किल्ली हातातच होती की!" रंगारणीने फोन उलटा केला, पाठीवरच्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं. "आता पुसते ही. पहिला माल."

"राहू दे. दुसरा तो दुसरा." मावशीने फोन तिच्या हातून घेतला. "खोट आहे ती आहे. आणि आपल्या घरात पहिला माल कधी आलाय? तुझ्या फळीवरचे सगळे कप एका रेघेचे, माझ्याही. चहा काय वाईट लागतो?"

दुपार कशी गेली ते तिचं तिला माहीत. कप मात्र एकही चुकला नाही. उलट ती प्रत्येकाला जरा जास्तच वेळ कानाशी धरत होती. एक वाजला, दोन वाजले, तीन. जावयाचा फोन नाही. एवढा वेळ लागतो का? रंगारीण म्हणे लागतो. भट्टीवाला म्हणे त्याच्या मेहुण्याला सहा तास लागले होते. मावशी म्हणे, तुझ्या मेहुण्याचं काय झालं पुढं? भट्टीवाला म्हणे, काही नाही, पहिल्यापेक्षा जास्त ओरडतो.

सुट्टीची घंटा झाली. बाया कपडे बदलायच्या खोलीत जमल्या, बाकांवर डबे वाजले, दारं आपटली. आणि फोन वाजला. मावशीने एक बाही घातलेली, एक लोंबत असलेली, तशीच सांध्याने गोळा वर नेला. खोली गप्प झाली. कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, झालं," जावई म्हणाला. त्याचा आवाजही बसल्यासारखा होता. "गाठ निघाली सगळी. शुद्धीवर आलीय. दोन दिवस अजिबात बोलायचं नाही म्हणालेत. आवाजाचं त्यानंतर कळेल. आत्ता काहीच सांगत नाहीत."

"तिला ऐकू येतंय ना? फोन तिच्या उशाशी धरा, जावईबापू."

खसखस झाली. चादरीची असेल. मग शांतता, आणि त्या शांततेत चिवीचा श्वास. मावशीने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

टक्.

मावशीच्या कपाळावर आठी पडली.

"परत मार."

टक्.

"अगं चिवी," ती म्हणाली, "तो कप तडकलाय. कानाच्या खाली, डाव्या अंगाला. त्यातून काही पिऊ नकोस, बदलून माग."

आणि तिकडे चिवी हसली. तोंड मिटून, टाक्यांना जपत, नाकातून आलेली हवा नुसती. पण त्या हवेच्या शेवटाला एक बारीकसा आवाज चिकटून आला. अर्धा. खरबरीत, झिलई न चढलेल्या कपासारखा.

जावई घाईने म्हणाला, "हसवू नका, आई! डॉक्टर रागावतील."

"नाही हसवत, नाही हसवत," मावशी म्हणाली. एक बाही लोंबत होती, सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. बावीस वर्षं ती एका टकोऱ्यात निकाल देत आली होती. हा आवाज कुठल्या रांगेत लावायचा ते तिला सांगता येईना, आणि सांगायची घाईही वाटेना. उद्या पहाटेची गाडी होती. तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला, आणि श्वास ऐकत राहिली.